फेब्रुवारीतली आवणी

भारत फोर्ज विरुद्ध उत्तम नकाते. हा खटला मला तोंडपाठ आहे अशी माझी समजूत होती. पुण्याच्या कारखान्यातला एक कामगार १९८३च्या ऑगस्टमध्ये, ऐन कामाच्या वेळी झोपलेला सापडला. कंपनीने त्याला काढलं आणि शेवटचा निकाल लागायला २००५ साल उजाडलं. मुरबाड एमआयडीसीतल्या आमच्या कॅन्टीनमध्ये कामगार कायद्याचा विषय निघाला की मी हीच गोष्ट काढायचो. झोपलेल्या माणसाला घरी पाठवायला बावीस वर्षं! ऐकणारे हसायचे, आणि हसणाऱ्यांत कंत्राटी हेल्परही असायचे.

गोष्टीचा अर्धा भाग मी कधी सांगितला नाही. सर्वोच्च न्यायालयाने शेवटी कंपनीची बाजू उचलून धरली होती. त्या माणसाला आधी तीनदा शिक्षा झाली होती, मग आरोपपत्र मिळालं, रीतसर चौकशी झाली, आणि त्यानंतर त्याला काढलं. मला फक्त बावीस वर्षं लक्षात राहिली. चौकशी लक्षात ठेवण्याची मला गरजच नव्हती, कारण आमच्या कारखान्यात ती कुणाची होतच नसे.

मी टाइम ऑफिसला होतो. मस्टर, पगारपत्रक, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, आणि दर महिन्याच्या शेवटी ब्रेकची यादी. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कामगाराची सेवा कायद्याने अखंड धरली जाते. मग त्याला नुसतं ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणता येत नाही. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे तर २४० दिवस भरलेल्याला कायम करावं लागायचं. म्हणून २४० भरूच द्यायचे नाहीत. मी २१०ची रेघ धरली होती, सावधगिरी म्हणून. हजेरी २१०च्या पुढे गेली की नाव यादीत. काही आठवडे घरी, मग पुन्हा नवा फॉर्म, नवा फोटो, कधीकधी नवा ठेकेदार. कायदा चुकवणं हे शब्द ऑफिसात कुणी उच्चारत नसे. कामगारही म्हणायचे, ‘माझा ब्रेक आलाय.’ वर्षानुवर्षं असं टांगून ठेवणं १९७१च्या महाराष्ट्राच्या कायद्यात अनुचित श्रम प्रथा म्हणून नोंदलेलं आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मग लावा ना कायदा, उद्यापासून कुणालाच कामाला घेत नाही.

माझ्या मनात काय होतं तेही सांगतो. आमचे बहुतेक हेल्पर टोकावडे, सरळगावकडच्या ठाकूरवाड्यांतले, थोडे किन्हवलीच्या बाजूचे. ही माणसं टिकत नाहीत, असं माझं ठाम मत होतं. पाऊस पडला की आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला पळतात, पौषात म्हशाच्या जत्रेला पळतात, हातात पैसे आले की चार दिवस तोंड दाखवत नाहीत. अशांना कायम करून कंपनी चालवायची कशी? आणि त्यातला एखादा कोर्टात गेला तर तो नक्कीच लबाड, कुणीतरी फूस लावलेला. मी स्वतः शहापूर तालुक्यातल्या भातशेतकऱ्याचा मुलगा. गुडघाभर चिखलात आवणी केलेली आहे. त्या चिखलातून मी टेबलापर्यंत आलो होतो आणि जे आले नाहीत त्यांच्यात काहीतरी खोट असणार, असं मानणं मला सोयीचं होतं. खाली पाहून तुच्छ लेखायला कुणी नसलं तर आपण वर आलो हे कळणार कसं?

ज्याच्यामुळे हे सगळं हललं त्याचं नाव इथे देत नाही. प्रेस शॉपला हेल्पर होता, बोलायला कमी. त्या हिवाळ्यात त्याने आणखी चौघांना घेऊन मॅनेजरकडे ओव्हरटाइमचा दुप्पट दर मागितला. कारखाने अधिनियमात तो १९४८पासून होता, त्यामुळे मागण्यासारखं त्यात नवं काही नव्हतं. फेब्रुवारीत वॉचमनने त्याला गेटवर थांबवलं. ‘तुझा ब्रेक.’ यादी माझीच होती. फरक इतकाच की या वेळी त्याला परत बोलवायचं नाही, असं मला वरून सांगितलं होतं आणि त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

तो वाट पाहत राहिला. आज बोलावतील, उद्या बोलावतील. १९७१च्या कायद्याखाली आकसाने काढल्याची तक्रार कामगार न्यायालयात ९० दिवसांच्या आत करावी लागते. त्याचे ९० दिवस वाट पाहण्यातच गेले. ब्रेकमध्ये ही एक खुबी आहे, ती मला फार उशिरा कळली. काढलं असं कुणी म्हणतच नाही, त्यामुळे माणूस तक्रारीला उठत नाही. उशिराबद्दल माफी मागता येते, पण ती द्यायची की नाही हे न्यायालयावर. पावसाळ्यानंतर कुणा कार्यकर्त्याने त्याला दुसरी वाट दाखवली. कंपनीला पत्र, मग ठाण्याला कामगार खात्यात समेटाचा अर्ज. २०१०पूर्वी इथेच माणूस अडकायचा, कारण समेट फसला की प्रकरण न्यायालयाकडे पाठवायचं का हे सरकार ठरवायचं. औद्योगिक विवाद अधिनियमातल्या २०१०च्या दुरुस्तीनंतर समेटाचा अर्ज करून ४५ दिवस झाले की कामगाराला थेट कामगार न्यायालयात जाता येऊ लागलं. तो गेला. ऑफिसात मी म्हणालो होतो, ‘बघा, कुणीतरी मागे आहेच.’

कंपनीचं म्हणणं तयारच होतं, आधी एकदोन प्रकरणांत वापरलेलं. अर्जदार भाताच्या आवणीसाठी न सांगता निघून गेला आणि परत आला नाही, कंपनीने त्याला काढलेलं नाही. साक्षीदार म्हणून माझं शपथपत्र. ते मी वाचून सही केलं. न वाचता सही केली असती तर निदान आळशी तरी ठरलो असतो.

ठाण्याच्या त्या कोर्टातली माझी उलटतपासणी तासाभरापेक्षा जास्त नसेल. मस्टर आणि पगारपत्रक हजर करायचा आदेश आधीच झाला होता. दोन्ही मीच पिशवीत घालून नेलं होतं आणि मला त्याची अजिबात धास्ती नव्हती. माझं मस्टर नेहमी स्वच्छ असायचं. खाडाखोड नाही, बेरीज दोनदा तपासलेली. वकीलबाई वयाने लहान होत्या. मला वाटलं, ओव्हरटाइमवरून झोडपतील. त्यांनी विचारलं,

“घरी शेती आहे?”

“आहे.”

“काय पिकतं?”

“भात.”

“आवणी कधी असते तुमच्याकडे?”

“जुलैत. पाऊस लांबला तर ऑगस्ट उजाडतो.”

तोवर मला काही कळलं नव्हतं. त्यांनी शपथपत्राचा दुसरा परिच्छेद वाचायला सांगितला. अर्जदार दिनांक १४ फेब्रुवारीनंतर आवणीसाठी निघून गेला. मी मोठ्याने वाचलं. वाचता वाचता माझाच आवाज माझ्या कानांवर आला.

“फेब्रुवारीत अर्जदाराच्या वाडीत आवणी असते?”

आमच्या वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. या प्रश्नाला एक सुरक्षित उत्तर होतं आणि ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. ‘मला माहीत नाही.’ ते मी दिलं असतं तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. का दिलं नाही याचा मी अजून विचार करतो. सचोटी वगैरे काही नव्हती. सचोटी असती तर सहीच केली नसती. भरल्या कोर्टात, शेतकऱ्याच्या पोराने आवणी कधी असते हे माहीत नाही म्हणायचं, याची लाज वाटली. म्हणजे खरं बोललो तेही ताठ्यापोटी.

“नाही,” मी म्हणालो.

“उन्हाळी भात?”

“तिथे फेब्रुवारीत प्यायला पाणी नसतं.”

भातसा, तानसा, वैतरणा या नद्या आमच्याच पट्ट्यातल्या. मुंबई त्यांचं पाणी पिते आणि होळीच्या आधीपासून आमच्या वाड्यांत हंडे रांगेला लागतात. हे बोलायची ती जागा नव्हती, पण बोललो. न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, ‘अर्जदाराच्या गावी फेब्रुवारी महिन्यात भाताची आवणी होत नाही हे खरे आहे.’ माझं वाक्य माझ्यासमोर टाईप झालं.

मग वकीलबाईंनी मस्टर उघडायला लावलं. “जुलै वाचा.”

मी वाचू लागलो. पी, पी, पी, पी, पी, पी, डब्ल्यूओ. पी, पी, पी. संपूर्ण महिना. एकही ‘ए’ नाही. ऑगस्ट, तसाच. सप्टेंबर, तसाच. अक्षर माझं, शाई माझी, तळाची बेरीज माझी. हे पान मी निदान चार वेळा पाहिलेलं असणार. हजेरी भरताना, पगार काढताना, ब्रेकची यादी करताना, शपथपत्रावर सही करण्यापूर्वी. आवणीला पळणाऱ्या माणसाची सगळी आवणी माझ्या मस्टरमध्ये हजर होती आणि मला ती एकदाही दिसली नव्हती. त्या कागदावर मी फक्त २१०चा आकडा शोधत होतो, माणूस कामाला आला की नाही हे पाहतच नव्हतो.

शेवटी त्या आकड्यावर आल्या. १० जून ते १४ फेब्रुवारी, हजेरी किती? २११. साप्ताहिक सुट्ट्या? ३५. पगारी सण? ४. सुट्टीचा पगार देता? पगारपत्रक समोरच होतं, देत होतो. त्यांनी बेरीज मला करायला लावली. २५०. अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ठरवून टाकलंय की २४० दिवस मोजताना पगारी रविवार आणि सुट्ट्या धरायच्या. प्रत्यक्ष काम म्हणजे यंत्रापाशी उभं राहणंच नव्हे. इतकी वर्षं मी ज्या रेघेचा अभिमान बाळगला ती रेघच चुकीच्या जागी होती. शिवाय १० जून ते १४ फेब्रुवारी म्हणजे बरोबर २५० दिवस होतात. याचा अर्थ त्याने एकही खाडा केला नव्हता. माझ्या स्वतःच्या हजेरीत मात्र त्या काळातले खाडे दिसले असते.

कोर्टातून ठाणे स्टेशनवर आलो. कल्याणच्या पुढची गाडी यायची होती. तो त्याच प्लॅटफॉर्मवर होता. मी खांबाआड सरकलो, खोटं का सांगू. तोच जवळ आला. शिव्या देईल असं वाटलं.

“भाऊ, जुलै अख्खा भरला होता ना माझा?”

“हो.”

“मला वाटलं दोन दिवस तरी पडले असतील.” मग म्हणाला, “त्या साली आवणी बायकोनं न् मेव्हण्यानं उरकली.”

गाडीत आम्ही शेजारी उभे होतो. डोंबिवली गेल्यावर त्याने विचारलं, त्या पानाचा झेरॉक्स मिळेल का. मला वाटलं, केससाठी. केससाठी वकीलबाई काढतीलच, हे त्याला माहीत होतं. त्याला घरी ठेवायला हवा होता. कंपनीने ‘पळून गेला’ असं कागदावर लिहिलं तेव्हापासून त्याचा स्वतःवरचाच भरवसा डळमळला होता. खरंच गेलो होतो की काय दोन दिवस? मी म्हणालो, बघतो. कल्याणला तो मुरबाडची एसटी पकडायला उतरला, मी आसनगावला गेलो. झेरॉक्स मी दिला नाही. नोकरी होती माझी.

त्यानंतर मी वाचायला लागलो. आधी चोरून, घरी. जे कळलं त्याने पश्चात्तापापेक्षा चीड जास्त आली. २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर औद्योगिक विवाद अधिनियमाचं कलम २५-फ काय मागत होतं? एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, भरलेल्या प्रत्येक वर्षामागे आणि वर सहा महिन्यांहून जास्त झाल्यास त्याबद्दलही पंधरा दिवसांचा पगार, आणि सरकारला कळवणं. शेवटी आलेल्याला आधी कमी करण्याचा क्रम कलम २५-ग मध्ये. त्याच्या हिशेबाने सगळं मिळून दीड महिन्याचा पगार. कॅन्टीनमध्ये मी सांगायचो, कायद्यामुळे कुणाला काढताच येत नाही. काढता येत होतं, दीड महिन्याच्या पगारात. तेवढेही द्यायचे नव्हते म्हणून शपथपत्रात आवणी आणली.

आणि समजा तो खरंच निघून गेला असता तरी? १९९३च्या डी. के. यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गैरहजर राहिला म्हणून नाव आपोआप उडवता येत नाही. आधी विचारावं लागतं, म्हणणं ऐकावं लागतं. आमच्याकडून त्याला एक ओळीचं पत्रही गेलं नव्हतं. नकात्याला निदान आरोपपत्र मिळालं होतं. झोपलेल्या माणसाला कायद्याने जेवढं विचारलं गेलं, तेवढं एकही खाडा न करणाऱ्याला आमच्या कंपनीने विचारलं नाही. कॅन्टीनमध्ये ही तुलना मी कधीच केली नाही.

पुढचं थोडक्यात. निकाल त्याच्या बाजूने लागला. कामावर परत घ्या आणि मागचा काही पगार द्या. कंपनी उच्च न्यायालयात गेली. कामावर घेण्याच्या निकालाविरुद्ध मालक वर गेला आणि कामगार दुसरीकडे नोकरीला नसला, तर खटला चालू असेपर्यंत शेवटचा पगार दरमहा द्यावा लागायचा, त्याच अधिनियमाचं कलम १७-ब. कंपनीने उत्तर दिलं की तो पडघ्याच्या गोदामात हमाली करतो. करत होता, अधूनमधून. न करून खाणार काय? अखेर एकरकमी तडजोड झाली. त्याने ती घेतली. मी आधीचा असतो तर म्हटलं असतं, बघा, पैशासाठीच होतं सगळं. तोवर मला एवढं कळलं होतं की इतकी वर्षं तारखांना ठाण्याला जायचं भाडंही दुसऱ्याकडून घेणाऱ्या माणसासाठी ‘पैशासाठी’ हा आरोप होत नाही. तरी एक गोष्ट खटकते. पुन्हा कामावर घेण्याऐवजी रक्कम देऊन मोकळं व्हायचं, हा कल रोजंदारीच्या लोकांबाबत गेल्या पंधरा-वीस वर्षांत न्यायालयांतही वाढला आहे. औरंगाबादच्या दीपाली सुरवसे या शिक्षिकेने संस्थेच्या मालमत्ता कराच्या बाकीसाठी पगारातून पैसे द्यायला नकार दिला म्हणून तिच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं आणि नोकरी गेली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा मागचा सगळा पगार परत मिळवून दिला आणि बेकायदा काढलेल्याला मागचा पगार मिळणं हाच नियम, असं लिहिलं. आमच्या हेल्परला कुणी तो निकाल वाचून दाखवला होता की नाही, मी विचारलं नाही.

माझं मत बदललं म्हणजे मी सुधारलो, असं मात्र नाही. २०२१च्या हिवाळ्यात एसटीचा संप झाला तेव्हा ते तपासून झालं. शहापूर, मुरबाड, दोन्ही आगारं बंद. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे लोकांचे हाल मी पाहत होतो. महामंडळ निलंबनं, बडतर्फी करत होतं आणि घरी सगळे म्हणत होते, काढा एकेकाला. मीही एकदा म्हणालो. न्यायालयाने संप बेकायदा ठरवला होता, मला आधार होता. मग लक्षात आलं की बेकायदा संप आणि चौकशीविना बडतर्फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचं नाव घेऊन दुसरी गिळायची सवय मला आजही आहे. एप्रिल २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत हजर होणाऱ्यांना कामावर घ्यायला सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. का बरं वाटलं, गाड्या सुरू होणार म्हणून की नोकऱ्या वाचल्या म्हणून, हे मी नीट सांगू शकत नाही.

आता मी कंपनीत नाही. ओळखीने कुणी आलं तर कागद पाहून देतो. राजीनाम्यावर सही मागत असतील तर करू नकोस. पगाराची चिठ्ठी टाकू नकोस, पीएफचा नंबर लिहून ठेव, गेटवर अडवलं तर त्याच दिवशी कामावर हजर आहे असं लेखी कळव. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्यावर थोडं बदललं आहे. न्यायाधिकरणात जायची मुदत जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, संहितेत ती दोन आहे. तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर कारखान्याला कपातीसाठी सरकारची आधी परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभराची होती. नोटीस आणि भरपाई मात्र संहितेतही आहे.

मध्यंतरी माझा पुतण्या आला. भिवंडीकडच्या गोदामात पॅकिंगला होता. ठेकेदाराने रात्री व्हॉट्सअॅपवर लिहिलं, उद्यापासून येऊ नको. त्याने मोबाईल माझ्या हातात दिला. मेसेज वाचून माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, “तू काय केलंस?”

त्याने काहीच केलं नव्हतं. मी चष्मा पुसला आणि त्याला सांगितलं, पहिल्यांदा या मेसेजचा स्क्रीनशॉट काढ, आणि पगार खात्यात यायचा का हातात ते सांग.